भोंगा गप्प बसला

आमच्या रस्त्याच्या चढावर एक कॉलेज आहे आणि उतारावर एक. वरच्यांचा रंग निळा, खालच्यांचा पिवळा. दोन्हीकडे तीच पुस्तकं शिकवतात आणि सारख्याच संख्येने पोरं नापास होतात, पण वर्षातून दोनदा त्यांच्या मुलींची बास्केटबॉलची मॅच असते आणि त्या आठवड्यात चढावरचा सलूनवाला खालच्यांचे केस कापत नाही. म्हणजे कापतो, पण मुद्दाम वाकडे कापतो.

मी वरची. माझे वडील वरचे, धाकटा भाऊ वरचा, भावजयही वरचीच. स्थळ बघताना आम्ही दुसरं काही विचारलंच नव्हतं. कॉलेजात असताना मी टीममध्ये होते, पण बहुतेक मॅचेस बाकावर बसूनच खेळले. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण माझा खरा गुण त्या बाकावरच उघड झाला. तो म्हणजे माझा आवाज.

तुम्हाला खेळ माहीत नसेल तर एवढंच सांगते. फाऊल झाला की ज्याच्यावर झाला त्याला रिंगसमोर रेषेवर एकटं उभं करतात आणि नेम मारायला देतात. याला फ्री थ्रो म्हणतात. कोणी अडवायचं नाही, कोणी मध्ये यायचं नाही. ओरडायला मात्र बंदी नाही. खालच्यांची पोरगी रेषेवर उभी राहिली, तिने श्वास घेतला, गुडघे वाकवले, की नेमक्या त्या क्षणी मी ओरडायची आणि बॉल रिंगच्या कडेवर आपटून बाहेर. लोक मला भोंगा म्हणायला लागले. आज माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून 'ब्रेक! अहो ब्रेक! तो खांब आहे, तो बाजूला होणार नाही!' असं ओरडून मी पोट भरते. त्यामुळे आवाज अजून तालमीत आहे.

आता आमच्या घरातलं संकट ऐका. भावाची मुलगी, माझी एकुलती एक भाची, उंचीने आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरून पाहते, म्हणून तिला आम्ही शिडी म्हणतो. ती बास्केटबॉल शिकली माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या आवारात. भिंतीवर रिंग मीच ठोकून दिली होती. एका बाजूला माझे शिकाऊ लोक प्लास्टिकच्या शंकूंमधून गाडी काढायचे, दुसऱ्या बाजूला ही बॉल फेकायची, आणि मी मधे उभी राहून दोघांनाही झापायची. इतकी वर्षं मेहनत घेतली, आणि बारावी झाल्यावर शिडीने काय केलं? खालच्या कॉलेजात प्रवेश घेतला. तिकडचा कोच चांगला आहे म्हणे.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! भाऊ दोन दिवस जेवला नाही. भावजय म्हणाली, "आता हिचे पिवळे कपडे माझ्या निळ्या साड्यांबरोबर मशीनमध्ये टाकायचे का?" मी मात्र हसले आणि म्हटलं, जाऊ दे, पोरीला खेळायला मिळणं महत्त्वाचं. पोटात काय होतं ते माझं मला माहीत.

वर्षातली पहिली मॅच खालच्यांच्या जिममध्ये झाली. त्या दिवशी माझ्या शिकाऊंची लायसन्सची परीक्षा होती, मला जाता आलं नाही. खालचे एका गुणाने मागे होते, शेवटचे फ्री थ्रो शिडीच्या वाट्याला आले, आणि तिने दोन्ही घालवले. आमचं कॉलेज जिंकलं. मी आनंदाने पेढे वाटावेत की रडावं, मला कळेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यातच कोचने तिला सांगितलं की पुढच्या मॅचला असंच झालं तर टीममधली जागा दुसऱ्या मुलीला.

ती दुसरी मॅच वर, आमच्या जिममध्ये होती. आदल्या संध्याकाळी भाऊ ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आला. मी गाडीचे आरसे पुसत होते.

"ताई, तुझ्याकडे एक मागणं आहे."

"गाडी न्यायची असेल तर पेट्रोल भरून आण."

"गाडी नको. उद्या शिडी रेषेवर उभी राहिली की तू गप्प बसायचं."

मी फडकं खाली ठेवलं. "आणि बाकीच्यांच्या वेळी?"

"बाकीच्यांच्या वेळी छप्पर उडव. पण पोरीला दडपण येतं गं. मागच्या वेळी तू नव्हतीस तरी दोन्ही घालवले. तू असतीस तर बॉल रिंगपर्यंत तरी पोचला असता का? तिची जागा जाईल टीममधली. माझी शपथ आहे तुला."

आता यात न पटण्यासारखं काय होतं? भाऊ हिशेबनीस आहे, त्याचं बोलणं नेहमी बेरजेसारखं बरोबर येतं. मी शपथ घेतली. भोंग्याने तोंड मिटायचं म्हणजे माशाने पाणी सोडायचं, पण भाचीपेक्षा आवाज मोठा नाही.

दुसऱ्या दिवशी जिम खच्चून भरलं होतं. डावीकडच्या पायऱ्या निळ्या, उजवीकडच्या पिवळ्या. भाऊ आणि भावजय पिवळ्यांमध्ये अंग चोरून बसले होते. भावजयीने निळी साडी नेसून वर पिवळी ओढणी गुंडाळली होती. मी माझ्या नेहमीच्या जागी, निळ्यांच्या मधोमध. शेजारी आमचे निवृत्त ग्रंथपाल. या माणसाने उभा जन्म लोकांना 'शांतता राखा' म्हणण्यात घालवला आणि त्याचं सगळं उट्टं ते या एका मॅचला काढतात. मांडीवर पत्र्याचं ताट, ते बडवायला हातात डाव.

"भोंगाबाई, घसा कसा आहे?" त्यांनी विचारलं आणि खिशातून घशाची गोळी काढून दिली.

"ठणठणीत," मी म्हटलं आणि गोळी चघळत खाली बघितलं. शिडी सराव करत होती. तिने एकदा मान वर करून आमच्या बाजूला नजर फिरवली. मी हात हलवला. तिने पाहिला की नाही कोण जाणे, कारण तेवढ्यात शिट्टी झाली.

काय मॅच झाली! आमच्या पोरी वाऱ्यासारख्या पळत होत्या, आणि खालच्याही काही कमी नव्हत्या. खालच्यांची कॅप्टन रेषेवर आली तेव्हा मी असा आवाज लावला की बॉल बोर्डालाही लागला नाही. निळ्या पायऱ्या नाचायला लागल्या. ग्रंथपालांनी ताट बडवून बडवून त्याला पोचा पाडला.

मग शिडीवर फाऊल झाला. ती रेषेवर आली. माझ्या भोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले, वाजंत्रीवाल्याकडे बघतात तसे. मी गोळी चघळत राहिले.

"बाई, भाची आहे म्हणून काय झालं?" मागून कोणीतरी म्हणालं.

"घसा बसला," मी म्हटलं.

"आत्ता तर ठणठणीत होता!" ग्रंथपाल ओरडले. त्यांनी दुसरी गोळी काढली.

बाकीच्यांनी आपापल्या परीने गोंगाट केला, पण तो नुसता गोंगाट. शिडीने फेकला. रिंगची कड, बाहेर. दुसरा फेकला. तोही बाहेर. एरवी खालच्यांचा बॉल बाहेर गेला की मी उडी मारते, त्या वेळी सगळे निळे नाचत असताना मी एकटी बसून होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. समोरून भाऊ मला हात जोडून दाखवत होता, गप्प बसलीस त्याचे आभार म्हणून. कोचने शिडीला बाहेर बोलावलं आणि बाकावर बसवलं. तिथून ती आमच्या बाजूला बघत होती. मी नजर टाळली. न जाणो, माझ्या तोंडाकडे बघूनसुद्धा दडपण यायचं.

शेवटी शेवटी खालच्यांच्या एका मुलीचे पाच फाऊल झाले, ती बाद झाली आणि नाइलाजाने शिडीला आत घेतलं. दोन्हीकडे सारखे गुण. घड्याळात जेमतेम काही सेकंद. शिडीने बॉल घेतला, उडी मारली, आणि आमच्या एका मुलीचा हात तिच्या मनगटावर पडला. शिट्टी. फ्री थ्रो, दोन.

जिममधला प्रत्येक माणूस उभा राहिला. निळे माझ्याकडे बघून ओरडत होते, "भोंगा! भोंगा! भोंगा!" तीस वर्षांत मला इतका मान कधी मिळाला नव्हता आणि मी तोंडावर पदर धरून उभी होते.

शिडीने पहिला फेकला. बॉल रिंगवर फिरला, फिरला, आणि बाहेर पडला.

मग तिने एक विचित्र गोष्ट केली. ती वळली, आमच्या पायऱ्यांकडे तोंड केलं आणि कानामागे हात धरला. ऐकू येत नाही, अशी.

निळे पेटले. "बघा किती शेफारलीय!" ग्रंथपाल किंचाळले, "घालवून वर आम्हाला खिजवते!" सगळ्यांना वाटलं ती चिडवतेय. पण तिचा चेहरा चिडवणाऱ्याचा नव्हता. ती एकेक रांग शोधत होती, आणि मी सापडले तशी तिची नजर थांबली. आवारात ती लहान असताना कधीकधी मी फोन घ्यायला आत जायची. बाहेर आले की ही बॉल काखेत धरून दाराकडे बघत उभी असायची, मी परत येईपर्यंत एकही नेम मारायची नाही. मला तेव्हा वाटायचं, पोरगी दमली.

अरे देवा! जिने जन्मात एक फ्री थ्रो माझ्या आरड्याओरड्याशिवाय जाळीत घातला नव्हता, तिच्यासमोर आम्ही दोघा शहाण्या भावंडांनी शांतता वाढून ठेवली होती. समोर भाऊ ओठांवर बोट ठेवून जिवाच्या आकांताने मान हलवत होता. मी मनात म्हटलं, बाबा रे, तुझी शपथ तुझ्याजवळ. पदर खोचला. गोळी थुंकली. शिडीने गुडघे वाकवले, आणि पोटातून, टाचेतून, जिथून निघेल तिथून मी आवाज काढला.

"एऽऽ शिडेऽऽ! हात बघ तुझे, दोरीवर वाळत घातलेत का? लागणार नाहीऽऽ! घरी जाऽऽ!"

तिचे खांदे खाली आले. मला पाठमोरीच दिसत होती, पण ती हसली हे मला तिच्या मानेवरून कळलं. बॉल हातातून सुटला आणि रिंगला न शिवता जाळीतून खाली गेला.

उरलेल्या सेकंदांत आमच्या मुलीने अर्ध्या मैदानावरून फेकलेला बॉल पार पंख्याच्या दिशेने गेला. खालचे जिंकले. पिवळ्या पायऱ्यांवरून माणसांचा लोंढा मैदानात उतरला. भावजय ओढणी फिरवत होती. भाऊ तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत उभा होता, बेरीज पहिल्यांदाच चुकल्यासारखा.

"तुमचा दोष नाही हो," ग्रंथपालांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "तुम्ही घसा बसलेला असून जीव तोडून ओरडलात. सख्ख्या भाचीलाही सोडलं नाहीत. याला म्हणतात निष्ठा."

मी मान हलवली.

तेवढ्यात खालून गलका झाला. मैत्रिणींच्या खांद्यांवरून उडी मारून शिडी आमच्या पायऱ्या चढत होती. निळ्या गर्दीत एक पिवळी, घामाने निथळलेली. लोक हुर्यो करत होते आणि तिला वाटही देत होते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि मला वाटलं आता मिठी मारेल. ती माझ्यावर भडकली.

"आधी का गप्प बसलीस?"

"तुझ्या बापाने शपथ घातली. तुला दडपण येतं म्हणाला."

"आणि तुला खरं वाटलं? सगळे वरचे ओरडतायत, फक्त तू नाहीस. मला वाटलं, तू मला टाकलंस."

"टाकलं? का म्हणून?"

"खालच्या कॉलेजात गेले म्हणून. तेव्हाही तू काही बोलली नाहीस. बाबा जेवले नाहीत, आई रडली, तू नुसती हसलीस. मॅच सोडली तर तू कोणावर ओरडत नाहीस, आत्या? जे आपले नाहीत त्यांच्यावर. शिकाऊ माणूस शिकून, फी भरून गेला की दुसऱ्या दिवशी तू त्याला 'या, बसा' म्हणतेस." तिने मनगटाने डोळे पुसले. "मला 'या, बसा' नको होतं."

माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. शहाणपणाने, समजूतदारपणाने मी पोरीला सहा महिने परकं करून ठेवलं होतं आणि मला वाटत होतं मी तिला सांभाळतेय. मग मी डोळे पुसले, नाक ओढलं आणि पोटात साठलेलं सगळं तिथेच, भर पायऱ्यांवर, बाहेर काढलं.

"नालायक! घरची रिंग वापरलीस, घरचा बॉल वापरलास, माझे शंकू मोडलेस, आणि खेळायला गेलीस कुणाकडे? त्या खालच्यांकडे! एका शब्दाने विचारलंस मला? आणि खेळतेस तरी कशी! पाच फ्री थ्रो घालवलेस तू दोन मॅचेसमध्ये, पाच! गुडघा वाकतो का तुझा? कोपर बघ, कोपर! असा कोच असेल तर त्याला माझ्याकडे पाठव, गाडी शिकवते त्याला!"

सगळं जिम ऐकत होतं. ग्रंथपाल ताट खाली ठेवून कौतुकाने बघत होते. आमचं कॉलेज आमच्याच जिममध्ये हरलं होतं आणि इतका आनंद मला आमच्या एकाही विजयाने दिला नव्हता. शिडी माझ्यापेक्षा दोन पायऱ्या खाली उभी होती, तरी आमची डोकी बरोबरीला आली होती. ती रडत होती, हसत होती आणि मध्येच म्हणत होती, "अजून, आत्या. अजून बोल."