दवाखान्यातल्या पलंगाची तक्रार

मित्रांनो, मी तपासणीचा जुना पलंग. मला पाहून कुणाचा चेहरा खुलत नाही. मुलं तर मला पाहताच भोकाड पसरतात. मलाही त्यांचं फारसं कौतुक नाही, पण आज बोलतो, कारण गप्प राहून मी खूप सोसलं आहे.

एका रागीट सुताराने मला शिसवीच्या लाकडातून घडवलं. पाठीत काथ्या भरला, वर हिरवं रेक्झिन ताणून खिळे ठोकले. मग मोठ्या डॉक्टरांनी मला या खोलीत आणलं. ते आलेल्या प्रत्येकाला माझ्यावर झोपवत. पोट दुखत असेल तर गुडघे दुमडायला लावत, म्हणजे पोट सैल पडतं. दुखऱ्या जागेला हात सगळ्यात शेवटी लावत. खोकला असेल तर कुशीवर वळवून पाठीवर बोटांनी टिचक्या मारत. हवा भरलेली छाती पोकळ वाजते, आत दुखणं साचलं की बद्द वाजते. "या पलंगावर निम्मा आजार कळतो," असं ते म्हणत. तेव्हा माझी छाती फुगायची, म्हणजे काथ्याच, पण फुगायची.

मोठे डॉक्टर गेले. त्यांच्या खुर्चीत धाकटे डॉक्टर बसले आणि माझी दशा झाली. औषधकंपन्यांची माणसं नमुन्यांची खोकी आणत, ती माझ्यावर रचली जात. रोग्यांना डॉक्टर स्टुलावर बसवत आणि कपड्यांवरूनच छाती ऐकायची नळी टेकवत. माझं रेक्झिन फाटलं. कुणी सुई-दोरा घेतला नाही.

एका सकाळी ठमी नावाच्या मुलीला तिची आत्या घेऊन आली. पोरीचं अंग तापलेलं, हात पोटावर घट्ट.

डॉक्टरांनी फ्रॉकवरूनच दोन बोटं दाबली. "जंत असतील. गोळी देतो."

"गेल्या खेपेलाही जंतच म्हणालात."

"मग अजून असतील."

"अहो, तिला आडवी तरी करा!"

"बाई, डॉक्टर तुम्ही की मी?"

"तुम्हीच. म्हणून तर आणली. नुसतं पोट दाबायचं असतं तर घरी मी नसतं का दाबलं?"

"झोपवू कुठे? दिसत नाही का, जागा नाही."

"हा पलंग आहे की गोदाम?" असं म्हणून आत्याने पदर खोचला आणि एका हाताने सगळी खोकी खाली लोटली. बाटल्या फुटल्या, लाल औषध फरशीवर पसरलं.

"ही काय पद्धत झाली!" डॉक्टर ओरडले.

"पद्धत मागाहून शिकवा. आधी पोर बघा."

ठमी माझ्यावर आडवी झाली आणि मला लगेच कळलं. तिचा श्वास तोकडा होता, भराभर चालला होता. प्रत्येक श्वासाच्या शेवटी ती बारीक कण्हत होती. नाकपुड्या फुलत होत्या. पाठीची डावी बाजू माझ्यावर हलत होती, उजवी जवळजवळ निपचित. पण मला तोंड कुठे होतं!

डॉक्टरांनी धुसफुसत तिचे गुडघे दुमडले, पोट दाबलं. पोट मऊ. पोरगी दचकलीही नाही. ते थांबले. मग त्यांनी फ्रॉक वर केला, तिला कुशीवर वळवलं आणि उघड्या पाठीवर नळी ठेवली. उजव्या बाजूला, खाली. तिथे बराच वेळ ऐकलं. टिचकी मारली. बद्द आवाज आला.

"न्युमोनिया," ते हळूच म्हणाले.

"पोटात?"

"पोटात नाही हो, फुप्फुसात! अगदी खालच्या भागात सूज आली की लहान मुलांना कधीकधी पोटातच दुखतं. म्हणून हात पोटावर."

"मग मघाशी नाही ते कळलं?"

डॉक्टरांनी घाईघाईने कागद ओढला. मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी खरडली. "लगेच निघा. उशीर करू नका."

"उशीर मी केला का?" आत्या पोरीला उचलून धावली. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. फरशी पुसतानाही डॉक्टर आत्याच्या नावाने बोटं मोडत होते.

पुढचे दिवस मी दाराकडे डोळे लावून होतो. ती येईल की नाही, हे मला कोण सांगणार?

आली. वाळलेली, पण स्वतःच्या पायांनी. डॉक्टरांनी स्टूल दाखवलं. ठमीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ माझ्यावर चढली आणि कुशीवर वळली.

"बसूनही चाललं असतं," डॉक्टर पुटपुटले.

"नाही चालणार," ठमी म्हणाली. "आणि आधी हात गरम करा."

आत्या पहिल्यांदाच हसली. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी तळहात चोळले.

मित्रांनो, माझं रेक्झिन अजून फाटकंच आहे. शिवाल तर बरं, पण तेही राहू द्या. तुम्ही आजारी पडलात तर कुठे दुखतं तेवढंच सांगून थांबू नका. ताप, खोकला, धाप सगळं सांगा, आणि आडवं झोपवून, कपडे बाजूला करून नीट तपासायला सांगा. डॉक्टर चिडले तर चिडू द्या. त्यांच्या रागाने कुणी दगावल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.