बारा मिनिटांची शिक्षा

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं पुष्कळ असतात. पण तो किती वाजता मारला, कुठल्या पायावर मारला हे वहीत लिहून खाली सही ठोकणारा माणूस आमच्या माहितीत एकच. ते म्हणजे मधल्या पोलीस ठाण्यातले हवालदार. घड्याळ बघितल्याशिवाय यांचं पेन कागदाला टेकत नसे, म्हणून अख्खं ठाणं त्यांना 'सेकंदकाटा' म्हणायचं.

अकरा वर्षांपूर्वी एका मोठ्या सभेचा बंदोबस्त होता. पहाटे पाचपासून हवालदार पुलाच्या तोंडाशी उभे. दुपारचे तीन वाजले तरी बदली माणसाचा पत्ता नाही. पोटातले कावळे ओरडून ओरडून थकले. बाकीच्या पोलिसांनी नेहमीचंच केलं. कुणी गाडीच्या आडोशाला दोन घास कोंबले, कुणी पाणी पिऊन पोटाची समजूत काढली, आणि कुणीही कुठे चकार शब्द लिहिला नाही. आमचे हवालदार मात्र समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून राजरोस जेवले आणि संध्याकाळी ठाण्याच्या डायरीत स्वतःच्या हाताने नोंद केली: '३ वाजून १० मिनिटांनी पॉइंट सोडला. कारण, जेवण. ३ वाजून २२ मिनिटांनी परत हजर.'

झालं! पंधरा दिवसांत आदेश आला. एक वेतनवाढ बंद, नोकरीच्या कागदांत लाल शाईचा शेरा, आणि फौजदारांच्या यादीतून नाव गुल.

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, चोरसुद्धा स्वतःविरुद्ध तक्रार द्यायला येत नाही हो ठाण्यात!"

"पॉइंट सोडला होता ना मी? मग लिहायला नको?"

"जेवलात ते जेवलात, वर ढेकर कशाला दिलीत?"

हवालदार ते हसण्यावारी न्यायचे, पण आतून लागायचं. दर वर्षी बढतीची यादी फलकावर लागली की गर्दी पांगल्यावर हळूच जाऊन ती वाचायची, आणि जणू नोटीसच लावायला आलो होतो अशा थाटात परत फिरायचं, हे अकरा वर्षं चाललं होतं. मागून आलेली पोरं फौजदार होऊन त्यांना हुकूम सोडू लागली. हवालदार त्यांना कडक सलाम ठोकायचे. पण खांद्यावर स्टार असावा, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात धरली होती, आणि निवृत्तीला आता आठ महिनेही उरले नव्हते.

त्याच वर्षी शहरातले तीनशे बारा पोलीस भोजनभत्त्यासाठी कोर्टात गेले. नियम साधा होता. सलग आठ तासांच्या वर बंदोबस्त झाला आणि मध्ये जेवायची सुट्टी मिळाली नाही, तर भत्ता द्यायचा. खात्याने तो एकदाही दिला नव्हता. खात्याचं म्हणणं असं की प्रत्येक ड्युटीच्या कागदावर 'एक तास जेवणाची सुट्टी' असं छापलेलं आहे, म्हणजे सुट्टी मिळाली. छापलेलं कुणाच्या पोटात गेलं, ते खात्यालाच माहीत.

पोलिसांची वकीलबाई ठाण्यात येऊन काकुळतीला आली. "अहो, एवढी वर्षं उपाशी उभे राहिलात. कुणीतरी कुठेतरी एक ओळ लिहिली असेल ना?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. अख्ख्या शहराची गाऱ्हाणी लिहून घेणारी ही माणसं, पण स्वतःच्या भुकेबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं असेल तर शपथ! शेवटी ठाण्याची ड्रायव्हरीण ओरडली, "अहो, आपला सेकंदकाटा!"

हवालदारांनी घरच्या पेटीतून शिक्षेचा आदेश काढून आणला. देताना त्यांची मान खालीच होती. वकीलबाई वाचता वाचता खुर्चीतून उठली आणि तिने शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला: 'बंदोबस्तावरील कर्मचाऱ्यास जेवणासाठी सुट्टी देण्याची पद्धत नाही व अशी सुट्टी आजवर कधीही देण्यात आलेली नाही. सबब बचाव अमान्य.'

खाली सही होती ती आताच्या मोठ्या साहेबांची. आणि 'सुट्टी नेहमीच दिली जाते' असं खात्यातर्फे कोर्टात शपथेवर लिहून देणारेही हेच मोठे साहेब.

"काका," वकीलबाई म्हणाली, "हा मूळ कागद घेऊन साक्षीला उभं राहायचं. राहाल ना?"

हवालदार हो म्हणाले. ही बातमी वर पोहोचायला दोन दिवसही लागले नाहीत.

मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. एकतीस वर्षांच्या नोकरीत हवालदार त्या खोलीत पहिल्यांदाच बसले.

"किती राहिली नोकरी?"

"सात महिने एकोणीस दिवस, साहेब."

"ती शिक्षा जरा जास्तच झाली हो. मी रद्द करतो. शेरा पुसला जाईल, पुढच्या यादीत तुमचं नाव येईल. स्टार लावून घरी जा. फक्त तो जुना कागद माझ्याकडे जमा करा. शिक्षाच नाही म्हटल्यावर कागद कशाला?"

हवालदारांचा चहा तसाच राहिला. स्टार हवा होता. खोटं कशाला बोला, जीव तुटेपर्यंत हवा होता. "विचार करून सांगतो," म्हणून ते उठले आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती गणवेशाला इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"तुम्हाला हवाय ना स्टार?"

"हवाय."

"मग अडलंय कुठे?"

"तीनशे बारा जण आहेत ग. त्यांच्या हातात दुसरा कागद नाही."

बायकोने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाली, "अकरा वर्षं मी तुम्हाला टोचून बोलले. खरं लिहिलंत म्हणून बोलले. चुकलं माझं. पण आता खोट्यासाठी माझ्या तोंडाकडे बघू नका."

साक्षीच्या दिवशी कोर्टाची खोली गच्च भरली होती. खात्याच्या वकिलाने हवालदारांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे तुम्ही शिक्षा झालेले कर्मचारी! साहेबांवर राग असणारच."

"राग नाही, साहेब. मी पॉइंट सोडला होता, ते खरंच आहे."

"मग सुट्टी असताना लपवाछपवी कशाला?"

"लपवलं कुठे? मीच डायरीत लिहिलं. आणि सुट्टी असती, तर जेवलो म्हणून शिक्षा कशी झाली असती, साहेब?"

खोलीत खसखस पिकली. न्यायाधीशबाईंनी आदेश आणि शपथपत्र शेजारी शेजारी ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "वकीलसाहेब, एकात सुट्टी कधीच देत नाही, दुसऱ्यात नेहमीच देतो. सही मात्र एकाच माणसाची. यातलं खरं काय समजू?"

वकीलसाहेब कागद चाळत राहिले. मागच्या बाकावर मोठे साहेब रुमालाने मान पुसत होते. न्यायाधीशबाई हवालदारांकडे वळल्या. "बारा मिनिटांत पोट भरलं होतं का तुमचं?"

"नाही बाईसाहेब. पाच मिनिटं नळाच्या रांगेतच गेली."

यावर कुणी हसलं नाही.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. तीनशे बाराही जणांना मागच्या सगळ्या बंदोबस्तांचा भत्ता, आणि यापुढे जेवणाच्या वेळी प्रत्येक पॉइंटवर बदली माणूस. निकालाची शेवटची ओळ संपायच्या आत व्हरांड्यात जल्लोष उसळला. टोप्या हवेत उडाल्या. ड्रायव्हरिणीने वकीलबाईला चक्क उचललं. हवालदारांच्या ठाण्याचे निरीक्षक, तेही त्या तीनशे बारांतलेच, गर्दीतून वाट काढत आले, हवालदारांसमोर ताठ उभे राहिले आणि त्यांनी खाडकन सलाम ठोकला. त्यांच्यामागे सगळा व्हरांडा सलामात उभा राहिला. हवालदारांना उलट सलाम करायचंही सुचेना. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायची त्यांना बिलकूल लाज वाटत नव्हती. बायकोने त्यांचा दंड घट्ट धरला होता आणि ती भेटेल त्याला सांगत होती, "आमचे हे! यांनीच लिहिलं होतं ते!"

गलका ओसरल्यावर वकीलबाई जवळ आली. "काका, तुमची शिक्षा या खटल्यात नव्हती, त्यामुळे ती तशीच राहिली आहे. आपण उद्याच वेगळा अर्ज टाकू. दोन तारखांत रद्द होईल, मग बढतीचंही बघू."

हवालदारांनी बायकोकडे पाहिलं. तिने मानेनेच नाही म्हटलं, आणि हवालदार मोकळेपणाने हसले.

"नको, पोरी. राहू दे शिक्षा. ती पुसली, तर उद्या कुणीतरी पुन्हा म्हणेल की हे पोलीस रोज पोटभर जेवत होते."