छत्तीसची कंबर

मी एक जुना टेप आहे मित्रांनो. गाणी वाजवणारा नव्हे, मापं घेणारा. साठ इंच लांब, पाऊण इंच रुंद, दोन्ही टोकांना पितळी पत्रा. एका कारखान्यात कापडी पट्टीला लेप देऊन माझ्यावर आकडे छापले आणि एका टेलरमास्तरांनी मला विकत घेतलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून मी त्यांच्या गळ्यात आहे.

दुकान लहान. एक शिलाई मशीन, कापड बेतायचं टेबल, उंच आरसा आणि मास्तरांच्या बायकोचं स्टूल. काजं, बटणं आणि हूक तिच्याकडे. मास्तर सकाळी मशीनवर बसत ते दुपारी जेवायलाच उठत. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. जुनं गिऱ्हाईक आलं की त्याच्याबरोबर थंड पेयाची बाटली. दारू नाही, सिगरेट नाही. लोक आमची वाहवा करत. मास्तरांनी घेतलेलं माप कधी चुकत नाही, असं म्हणत.

एक माप मात्र वर्षानुवर्षं चुकत होतं. पॅन्टचं माप घेताना मला पॅन्ट जिथे बसते तिथे गुंडाळतात. मास्तरांचं पोट वाढत गेलं, तशी त्यांची पॅन्ट पोटाखाली सरकत गेली. तिथे माझा आकडा दरवेळी तोच येई. बोट ठेवून ठेवून तो पुसट झाला.

"लग्नात छत्तीस, आजही छत्तीस," मास्तर आरशासमोर म्हणत. "आहे का कुणाची अशी कंबर?"

"कंबरेचं काही म्हणणं नाही हो," बायको दाताने दोरा तोडत म्हणे. "तिच्यावर मजला चढलाय त्याचं बोला."

जिथे लावाल तिथलंच मी सांगतो.

मागच्या वर्षी मास्तरांच्या कुशीत कळ आली. मुतखड्याची शंका होती म्हणून सोनोग्राफी झाली. खडा बारीक निघाला, पण यकृतात चरबी दिसली. आणखी तपासण्या झाल्या. रिपोर्ट दाखवायला दोघं गेली, तेव्हा सवयीने मीही गळ्यात होतोच. डॉक्टर म्हणजे मास्तरांच्या हातचा गणवेश घालून शाळेत गेलेली मुलगी.

"काका, लिव्हरमध्ये चरबी साठलीय."

"मला? अगं, मी थेंबभर घेत नाही!"

"न घेणाऱ्यांनाही होतं. बैठं काम, गोड, पोटाची चरबी."

"पोट कुठलं? छत्तीस कंबर आहे माझी. हा घे टेप, बघ."

तिने खरंच मला घेतलं. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध धरलं, श्वास सोडायला सांगितला आणि आडवं गुंडाळलं. साडेत्रेचाळीस.

मास्तरांनी आकडा स्वतः वाकून वाचला.

"दुखत नाही म्हणून कळत नाही, काका. चरबीने सूज येते, सुजेने लिव्हर हळूहळू कडक होतं. तुमचं थोडं व्हायला लागलंय. फार कडक झालं, तर मागे फिरणं अवघड. आत्ता फिरता येईल."

"मग गोळी दे की."

"आधी सात-आठ किलो वजन उतरवा, सावकाश. गोड आणि बाटल्या बंद, रोज अर्धा तास भरभर चाला. कुणी सांगितलं म्हणून लिव्हरची टॉनिकं घेऊ नका. सहा महिन्यांनी परत तपासू."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर कुठंय?"

"माहेरी गेलीय," बायको म्हणाली. "परतायचं काही बोलली नाही."

तयार कपडे मास्तर आता चालत पोचवू लागले. दर सोमवारी ते मला स्वतःभोवती गुंडाळत. पहिल्या सोमवारी त्यांचा हात नकळत खाली गेला.

"वर घ्या," बायको म्हणाली.

"वर म्हणजे किती?"

तिने खडू उचलला आणि त्यांच्या बनियनवर योग्य जागी रेघ ओढली. "एवढं वर. आणि पोट आत ओढू नका, फोटो काढत नाहीये."

त्रेचाळीस. पुन्हा त्रेचाळीस. मग बेचाळीस. भाचीच्या लग्नानंतर अर्धा इंच परत वाढलं. त्या दिवशी मास्तर मुकाट्याने दोनदा चालायला गेले.

सहा महिन्यांनी वजन सात किलोंनी उतरलं होतं. यकृतातली चरबी कमी झाली होती, कडकपणाही थोडा उतरला होता. "बरं झालं असं समजू नका, काका. हे असंच चालू ठेवायचंय," डॉक्टर म्हणाली. बायकोने तो रिपोर्ट दोनदा वाचला आणि डोळे पुसून चष्म्याला दोष दिला.

मित्रांनो, आता मी जीर्ण झालो आहे. माझा लेप तडकला आहे, गिऱ्हाइकांसाठी नवा टेप आला आहे. माझ्याकडे एकच काम उरलं आहे, सोमवारचं. तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा खणात पडला असेल. त्याला खोटं बोलता येत नाही. पण खाली सरकवलंत, तर तो निमूट सरकतो. म्हणून घरातल्या मोठ्यांना तो नीट जागी लावायला सांगा, काही दुखत नसलं तरी.

परवाच्या सोमवारी खडूच्या रेघेवर चाळीस भरले. पुसट झालेला छत्तीस अजून चार इंच लांब आहे.