दोन चमचे कूट

लीलाबाईंना स्वयंपाकातलं कुणी शिकवायला आलं की त्यांचं डोकं फिरायचं. आणि इथे तर नातीच्या शाळेनेच शिकवायला घेतलं होतं. एप्रिलमध्ये सगळं घर दिल्लीहून नोएडाला राहायला आलं, श्रावस्तीचं नाव नव्या शाळेत दुसरीत घातलं, आणि शाळेने पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर डब्याचा तक्ता पाठवला. सोमवारी मोड आलेली कडधान्यं, मंगळवारी हिरवी भाजी, बुधवारी मिलेट, गुरुवारी सॅलड, शुक्रवारी फळं. मैदा नको, तळलेलं नको, पाकिटातलं तर बिल्कुल नको. चांगला डबा आणणाऱ्या मुलाच्या हातावर तारा चिकटवणार. मिलेट म्हणजे काय गं बाई, असं लीलाबाईंनी सुनेला विचारलं. ज्वारी-बाजरी हो आई, असं क्रांतीने सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. अख्खा जन्म ज्वारीची भाकर खाल्ली, दिल्लीत आल्यावर चार लोकांसमोर ती लपवून पोळ्या लाटल्या, आणि आता म्हणे तिच्यासाठी तारा मिळणार!

डब्याचं काम त्यांच्याकडेच होतं. मुलगा सुगत आणि क्रांती दोघंही गुरुग्रामच्या ऑफिसात, सकाळी सातला निघाले की रात्री आठला तोंड दाखवणार. शामराव दिल्लीतल्या केंद्रीय मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, त्यांना चहासुद्धा धड येत नव्हता. तेव्हा सकाळी पाचला उठायचं, बुद्धवंदना म्हणायची आणि ओट्याशी उभं राहायचं, हे लीलाबाईंचं ठरलेलं. ज्वारीची तळहाताएवढी धिरडी, पालक घालून केलेलं थालीपीठ, मुगाची कोरडी उसळ, वाफवलेल्या कोथिंबीर वड्या. तक्त्याबरहुकूम सगळं, पण चव त्यांची.

डबा मात्र अर्धाच परत यायचा. श्रावस्ती मुळातली बुजरी, त्यात शाळा नवी. कोणाजवळ बसलीस, असं रोज विचारलं की ती बुटाचे बंद सोडत म्हणायची, कोणाजवळच नाही. तीन महिने हेच उत्तर. एकटं बसून सात वर्षांची पोर जेवणार तरी किती! लीलाबाईंच्या जिवाला घोर लागला होता. हिला एक तरी मैत्रीण मिळू दे, एवढंच त्यांना हवं होतं.

ती जुलैत मिळाली. वृंदा नावाची, ह्यांच्याच सोसायटीतली, चार नंबरच्या टॉवरमध्ये राहणारी. श्रावस्ती बसमधून उतरली ती उड्या मारतच, आणि गेटपासूनच सांगत सुटली की आजी, वृंदाने माझं धिरडं खाल्लं, तिला पूरा का पूरा आवडलं. लीलाबाईंनी तिच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. अर्धं खाल्लं की सगळं? तुझ्या डब्यातनं उचलून खाल्लं? आणि मग काय म्हणाली? रात्री त्यांनी शामरावांनाही सांगितलं, सुगतला सांगितलं, वर्ध्याला बहिणीला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून डबा मोठा झाला. चार धिरड्यांची सहा झाली, आणि घरी येणारा डबा घासून पुसून रिकामा.

आता तक्त्याच्या खाली ठळक अक्षरांत एक सूचना होती. वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तेव्हा डब्यात शेंगदाणा असलेला कुठलाही पदार्थ देऊ नये. मूल कोणतं, ते लिहिलं नव्हतं. लीलाबाईंनी ती सूचना मनावर घेतली. शाळेच्या डब्यातून चिक्की गेली, लाडू गेले, चटणी गेली. पोह्यांतले दाणे काढले तेव्हा पोह्यांचा जीवच गेला असं त्या कुरकुरल्या, पण काढले. कूट मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कूट म्हणजे शेंगदाणाच, हे काय कुणी सांगायला हवं? पण आपल्याकडे कूट वेगळं मोजतं कोण! बाईला विचारा, कोशिंबिरीत काय काय घातलंस, तर गाजर सांगेल, लिंबू सांगेल, फोडणी सांगेल. मीठ आणि कूट सांगायची तिला आठवणसुद्धा होणार नाही. हात मिठाच्या डब्यावरून साखरेच्या डब्यावर जातो आणि साखरेवरून कुटाच्या. चाळीस वर्षं जातोय. इतके दिवस धिरडी आणि उसळी होत्या, गुरुवारी काकडी-टोमॅटोच्या नुसत्या चकत्या जायच्या, म्हणून निभावलं इतकंच.

डिसेंबरात बाजारात लालबुंद गाजरं आली. गुरुवारचा दिवस होता. लीलाबाईंनी पाव किलो गाजर किसलं, लिंबू पिळलं, चिमूटभर साखर, मीठ, मोहरी-हिंगाची फोडणी आणि दोन चमचे कूट. दोघींना पुरेल एवढी कोशिंबीर मोठ्या खणात भरली आणि श्रावस्तीला बजावलं की तुझ्या मैत्रिणीला आधी दे.

अकराच्या सुमाराला शाळेतून फोन आला. वर्गाच्या विजयालक्ष्मी मॅडम होत्या. वृंदाचे ओठ सुजलेत, तिला श्वास घेता येत नाहीये, तिला हॉस्पिटलात नेताहेत, तुमच्या डब्यात मूंगफली होती का, असं त्या घाईघाईने विचारत होत्या. लीलाबाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, नहीं मॅडम. परत विचारलं, परत नहीं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांना रागच आला. मी काय वेडी आहे का, नियम मला माहीत नाही का, सकाळी स्वतःच्या हाताने केलंय, असं त्या ताडताड बोलल्या आणि मॅडमनी फोन ठेवला.

मग त्या ओट्याकडे वळल्या. मिक्सरशेजारी कुटाचा डबा उघडाच होता आणि आत चमचा होता.

तिथेच खाली बसून त्यांनी फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा. शामराव आतून विचारत होते काय झालं, काय झालं, पण त्या नंबरच दाबत राहिल्या. पाचव्या वेळी मॅडमनी उचलला. "डाली थी," लीलाबाई म्हणाल्या. "मूंगफली मैंने डाली थी. डॉक्टर को बोल दो जल्दी." मधे दहा मिनिटं गेली होती. ती दहा मिनिटं पुढे किती दिवस त्यांच्या छातीवर बसून राहिली ते त्यांनाच ठाऊक.

पोर वाचली. मॅडमचा निरोप पोचायच्या आतच डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं. दोन दिवस हॉस्पिटलात ठेवलं आणि घरी सोडलं. सुगत आणि क्रांती भेटायला गेले, हात जोडून आले. वृंदाची आईही काही वाकडं बोलली नाही. आपली मुलगी सगळ्यांच्या डब्यातलं खाते आणि घरी सांगत नाही, ही आपलीही चूक, असं ती म्हणाली. लीलाबाईंनी घरातला दाणा न् दाणा बाहेर काढला. मिक्सरचं भांडं नवं आणलं, डबा नवा आणला, चमचेसुद्धा नवे. आता होईल सगळं नीट, असं त्यांना वाटत होतं.

वृंदा शाळेत आली त्या सोमवारी श्रावस्तीचा डबा भरलेलाच परत आला. मुगाची उसळ होती तशी. लीलाबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की मॅडमनी डबा खाण्यापुरती तिची जागा बदलली. बाकीची मुलं गोलात बसतात, श्रावस्तीला दाराजवळच्या बाकावर बसायचं. खाऊन झालं की हात धुवायचे, मगच इकडे यायचं. आणि मुलं म्हणतात, श्रावस्ती के डिब्बे में जहर है. तिच्या बाटलीतलं पाणीसुद्धा कोणी पीत नाही.

लीलाबाईंनी हातातलं भांडं तिथेच ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या.

भंडारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी शाळा चौथीपर्यंत होती. त्या शाळेत लीला दाराशी बसायची, गोणपाटावर, कारण ती ज्या वस्तीतून यायची त्या वस्तीतली पोरं तिथेच बसायची. दुपारी बाकीच्या पोरी झाडाखाली गोल करून भाकरी सोडायच्या आणि एकमेकींच्या कालवणात बोटं बुडवायच्या. लीलाच्या फडक्यातलं कधी कुणी खाल्लं नाही. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे. चार वर्षांत एकदाही कुणी म्हटलं नाही की दाखव, तुझ्या आईने काय दिलंय. म्हणून तर त्या जुलैतल्या दिवशी त्यांना आनंदाने वेड लागायची पाळी आली होती. हे त्यांनी मुलाला कधी सांगितलं नव्हतं, नातीला तर नाहीच नाही. ज्यातून आपण पोरांना बाहेर काढलं ते त्यांच्या कानावर कशाला घालायचं?

शामरावांना ते माहीत होतं. नातीचं त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा लावला, कागद-पेन काढलं. नोकरीतही त्यांनी अन्यायाविरुद्धचा अर्ज कधी उद्यावर टाकला नव्हता. मुलीला वेगळं बसवणं हा भेदभाव आहे, प्राचार्यांना पत्र, प्रत माहितीसाठी शिक्षण खात्याला. एक ओळ लिहून झाली तेव्हा लीलाबाईंनी कागदावर हात ठेवला.

"काय लिहिणार, अहो?" त्या म्हणाल्या. "तेव्हा आपली चूक नव्हती. आता आहे."

शामरावांनी पेनला टोपण लावून ते खिशाला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी श्रावस्ती शाळेत असताना लीलाबाई चार नंबरच्या टॉवरमध्ये गेल्या. चांगली साडी नेसून, नवा डबा पिशवीत घालून. काय बोलायचं ते त्यांनी लिफ्टमध्ये हिंदीत पाठ केलं. वृंदाच्या आईने दार उघडलं, आइए आंटीजी म्हणत हाताला धरून आत नेलं. काचेच्या ग्लासात पाणी दिलं, स्वतः पिते त्याच कपांच्या जोडीतल्या कपात चहा दिला, बिस्किटांची बशी पुढे केली. लीलाबाई बारकाईने बघत होत्या. कुठे काही वेगळं दिसतंय का, एखादा कप बाजूचा, एखादी बशी जुनी. दिसलं असतं तर बरं झालं असतं, त्यांना रागावता तरी आलं असतं. काही म्हणजे काही नव्हतं.

त्यांनी डबा काढून दाखवला. घरात आता एक दाणा नाही, तुम्ही येऊन माझं स्वयंपाकघर तपासा, रोज सकाळी डब्याचा फोटो पाठवीन, श्रावस्ती वृंदाला घासभरही देणार नाही, फक्त दोघींना शेजारी बसू द्या. तुम्ही एक शब्द टाकलात तर मॅडम ऐकतील. बोलता बोलता त्यांचे हात जुळले होते.

वृंदाच्या आईने ते जुळलेले हात आपल्या हातांत घेतले. तिचे डोळे भरले होते. "आंटीजी, मुझे आपसे कोई शिकायत नहीं," ती म्हणाली. "साथ खेलें, घर आएँ, सब ठीक. पर खाने के टाइम मैं उसे श्रावस्ती के पास नहीं बैठने दूँगी. मैंने उसका नीला मुँह देखा है. मुझसे नहीं होगा."

लीलाबाईंनी मान हलवली. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं, हे त्यांना समजत होतं, आणि समजत होतं म्हणूनच जास्त दुखत होतं. चहा संपवून त्या उठल्या.

दुपारी श्रावस्तीला बसवरून आणताना त्या तिला बागेतल्या बाकावर घेऊन बसल्या. डबा आजही जड होता. वृंदाच्या आईला भेटून आले, पण अजून काही दिवस तुला तिथेच बसावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. श्रावस्तीने काही विचारलं नाही, रडलीही नाही, नुसती बॅगेच्या पट्ट्याशी खेळत राहिली. त्या गप्प बसण्याने लीलाबाईंचा धीर सुटला. पोरीला कसला तरी आधार द्यायचा म्हणून, साठ वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते त्या बोलून गेल्या.

"मी पण शाळेत अशीच दाराजवळ बसायचे, बेटा. एकटीच जेवायचे."

श्रावस्तीने वर पाहिलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं.

"तू कोणाच्या डब्यात काय घातलं होतं, आजी?"

"काही नाही गं," लीलाबाई म्हणाल्या. "मी काहीच घातलं नव्हतं."

"मग तुझी गलती नव्हती," श्रावस्ती विचार करून म्हणाली. "माझी होती. मीच वृंदाला दिलं."

"नाही गं माझी माय. तुझी नव्हती. माझी होती, सगळी माझी."

"हो," श्रावस्ती म्हणाली. "पण बसते तर मी ना."

ती रागाने बोलली नव्हती. आहे तसं सांगितलं आणि बॅग पाठीला लावून लिफ्टकडे चालू लागली.