अजून एक वर्ष निघेल

त्या वसाहतीत तिला सगळे छपरवाली म्हणत. आधी तिचे वडील, अप्पा, छपरवाले होते. त्यांचे गुडघे गेले तेव्हा शिडी, दोर, हातोडी आणि गिऱ्हाइकं असं सगळंच तिच्याकडे आलं. वर्षातले आठ महिने पाऊस पडणाऱ्या त्या भागात कामाला तोटा नव्हता. घरं सगळी एकाच सुमाराला बांधलेली, बैठी, पुढे हातभर अंगण आणि वर लाल कौलं. त्यामुळे घरं म्हातारीही एकदमच झाली. आज या घराची पन्हळ तुंबली, उद्या त्या घराच्या कौलांखालच्या रिपा कुजल्या. छपरवाली बेचाळीस वर्षांची होती, अंगाने काटक, बोलायला फटकळ. खोटं सांगून काम वाढवणार नाही ही तिच्या वडिलांची ख्याती होती आणि तिचीही.

फक्त एका घराच्या बाबतीत ती तीन वर्षं खोटं बोलत आली होती. तेही काम वाढवायला नव्हे, पुढे ढकलायला.

घर काकूंचं. काकू शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. त्यांचा मुलगा लांब्या, म्हणजे उंचीमुळे पडलेलं नाव, सतरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशी गेला. त्याआधी चार-पाच वर्षं छपरवाली वडिलांच्या हाताखाली शिकत होती आणि काकूंच्या छपरावर काम निघालं की शिडी धरायला लांब्या हजर असे. खरं तर शिडी धरायला माणूस लागतच नव्हता. वडिलांनी ती वर वाशाला घट्ट बांधलेली असे. तरी तो धरून उभा राही.

"बाजूला हो, डोक्यात कौल पडेल!" ती वरून ओरडे.

"पडलं तर तूच डॉक्टरकडे नेशील."

वडील आढ्यावर बसून उगीच खोकत.

जाण्याच्या आदल्या दिवशी तो तिच्या फाटकापर्यंत आला. म्हणाला, "दोन वर्षांत येतो." ती म्हणाली, "ये की." एवढंच. पुढचं दोघांच्याही ओठांवर होतं, पण दोघंही मूग गिळून उभी राहिली आणि मग शेजारची बाई दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आली.

दोन वर्षांची सतरा झाली. मधे तो दोनदा आठ-आठ दिवसांसाठी आला. एकदा तिला बाजारात दुरून दिसला, एकदा तेवढाही नाही. त्याची खबरबात तिला मिळायची ती वर्षातून एकदा, काकूंच्या छपरावर बसून. ती फुटकी कौलं बदलायची आणि काकू खाली अंगणात चहाचा कप धरून मोठ्याने सांगायच्या. लांब्याने गाडी घेतली. लांब्याची बढती झाली. एका वर्षी काकू म्हणाल्या, "अगं, लग्न ठरलं त्याचं! ऑफिसातलीच आहे." त्या दिवशी तिने एका ओळीतली सात कौलं उलटी बसवली, आणि संध्याकाळी निमूटपणे परत येऊन सरळ केली. त्याच्या पुढच्या वर्षी कळलं, मुलगी झाली.

त्याच्या संसारात आपल्याला काडीचा रस नाही, असं ती स्वतःला बजावे. तिला फक्त ऐकायचं असे. आणि ते ऐकायला तिच्याकडे दुसरं कुठलंच निमित्त नव्हतं. छपरवाली कुणाच्या घरी जाते? गळतं त्याच्या. संपूर्ण छप्पर नवं केलं की वीस-पंचवीस वर्षं त्या घरावर चढायला नको. म्हणून दर वर्षी रिपांना हात लावून, बोटांना ओला भुसा लागलेला पुसून टाकत ती खाली उतरे आणि म्हणे, "अजून एक वर्ष निघेल, काकू."

यंदा निघालं नाही. चार दिवस पाऊस लागला आणि एका सकाळी लांब्याच्या खोलीतल्या छताचं, तक्तपोशीचं लाकूड पाण्याने फुगून धाडकन त्याच्या पलंगावर कोसळलं. दोन मिनिटांपूर्वी काकू त्याच पलंगावर बसून चादरींच्या घड्या घालत होत्या.

फोन आल्यावर छपरवाली मावसभावाला घेऊन धावली. हा मावसभाऊ तिच्याबरोबर कामाला असायचा, पन्हळी आणि पत्र्याची कामं बघायचा. त्याने वर चढून वाशात पेचकस खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला, जणू केकमध्ये सुरी.

"हे एका वर्षाचं नाही गं," तो हळूच म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला. "तू दर वर्षी येतेस ना इथे?"

ती उतरली. काकू स्वयंपाकघरात बसल्या होत्या.

"काकू, पूर्ण छप्पर काढावं लागेल. आणि हे मी तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. मला दिसत होतं."

काकूंना आधी कळेचना. "म्हणजे? तू तर म्हणायचीस, निघेल म्हणून."

"खोटं बोलत होते."

"का?"

ती ओल्या बुटांनी फरशीवर उभी राहिली. काकूंनी तिच्या बुटांखाली साचलेलं पाणी बघितलं. मग म्हणाल्या, "तुझ्या अप्पांनी असं केलं नसतं."

एरवी कुणाचं ऐकून न घेणारी छपरवाली ते ऐकून घेऊन बाहेर आली. व्हॅनमध्ये बसल्यावर तिचं बोट किल्लीवर नुसतंच राहिलं. मावसभाऊ म्हणाला, "मी चालवू?" ती शेजारच्या सीटवर सरकली.

काम नऊ दिवसांचं होतं. उघडीप बघून त्यांनी एकेका बाजूची कौलं उतरवली, चांगली निघाली ती अंगणात रचली, कुजके वासे काढून नवे बसवले, त्यावर पाणी अडवणारा जाड कागद अंथरला, मग रिपा. रोज संध्याकाळी ताडपत्री ओढायची, सकाळी काढायची. काकू रोज चहा देत. मावसभावाच्या हातात, हसून. तिचा कप खिडकीच्या कठड्यावर ठेवून आत निघून जात. बातमी एकही नाही. छपरवालीला वाटलं, बातम्या बंद होणं, हेच तर आपण टाळत होतो ना? ते आता काम संपण्याआधीच झालं.

सहाव्या दिवशी काकू शिडीखाली येऊन उभ्या राहिल्या. हातात फोन होता.

"लांब्या आहे. छप्पर बघायचंय म्हणतो. मला काही चढता येत नाही." त्या क्षणभर थांबल्या. "तूच ने वर."

तिने फोन खिशात घातला आणि वर चढली. बाहेर काढला तेव्हा लांब्या म्हणत होता, "अंधार का आहे?"

"खिशात होतास."

पलीकडून हसू आलं. तेच हसू, फक्त थोडं जाड झालेलं. तिने कॅमेरा रिपांवर धरला, नवे वासे दाखवले, कोपरा दाखवला. तो हं हं करत राहिला. मग म्हणाला, "जरा रस्ता दाखव ना. पाण्याची टाकी दिसते का अजून?"

तिने टाकी दाखवली. शाळा दाखवली.

"वळणावरचं झाड?"

"पाडलं. रस्ता रुंद केला."

तिलाच वाईट वाटलं, जणू ते झाड तिनेच तोडलं होतं. तिने फोन डावीकडे वळवला. "हे आमचं घर. दारात बसलेत ते अप्पा."

"एवढे वाकले?"

"गुडघ्यांमुळे. ओरडतात मात्र तसंच."

"आणि तू कुठे आहेस? नुसता आवाज येतोय."

तिने फोन फिरवला. डोक्याला फडकं, गालावर डांबराचा फराटा, ओठांत तीन खिळे. तिने ते घाईने काढले. त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. तो बघत राहिला.

"अजून तोंडातच धरतेस खिळे."

"हात दोनच आहेत."

तेवढ्यात त्याच्या खांद्याशी एक लहान चेहरा आला. "बाबा, ही कोण?"

त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग म्हणाला, "ही आजीच्या घराचं छप्पर सांभाळते."

मुलीने हात हलवला. छपरवालीनेही हलवला. मुलगी पळाली.

"मी यायला हवं होतं," तो म्हणाला.

"छपरासाठी?"

तिने थोडी वाट पाहिली, जितकी शोभेल तितकी, मग म्हणाली, "पाऊस येतोय. ताडपत्री ओढायचीय. ठेवते."

मावसभावाने वर बघितलं. लख्ख ऊन होतं. "कुठाय पाऊस?"

"तू रिपा ठोक."

नवव्या दिवशी काम संपलं. तिने पन्हळीत पाइपने पाणी सोडून बघितलं, कुठे तुंबत नव्हतं. काकूंनी खोली पुसून घेतली, पलंग जागेवर लावला. निघताना छपरवाली म्हणाली, "आता काळजी नाही. बरीच वर्षं बघायला नको." काकू "बरं" म्हणाल्या आणि दार लावलं.

तीन आठवडे गेले. मग पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"काकू? गळतंय का?"

"थेंब नाही. ये."

"मग कशाला?"

"ये म्हटलं ना."

ती गेली. हातात काहीच नव्हतं, त्यामुळे दारात ती जरा अवघडली. काकूंनी तिला टेबलाशी बसवलं, समोर चहा ठेवला, बिस्किटांचा डबा उघडला. छपरवालीने सवयीने वर बघितलं.

"वर बघू नकोस. ठीक आहे ते." काकू बसल्या. "लांब्याचं काही नवीन नाही आज. तुझं सांग."

"माझं काय? शाळेमागे एका घराचं काम घेतलंय, त्याचे वासे..."

"कामाचं नको."

पाऊस कौलांवरून सरसरत पन्हळीत उतरत होता. छपरवालीने बिस्किटाचे दोन तुकडे केले आणि खाल्ला एकही नाही. सतरा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं. पण आज तिला कंटाळा आला होता त्या हसण्याचा.

"मला वाटायचं, त्याने थांब म्हणावं," ती म्हणाली. "थांब, मी येतो, असं."

काकूंनी मान हलवली. "आणि तू त्याला जाऊ नको म्हणालीस?"

"नाही."

"का गं?"

"लाज वाटली. शेजारीण कपडे काढत होती."

काकू हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी डबा पुन्हा तिच्यापुढे सरकवला. "त्याने तुला सांगितलं असेलच," त्या म्हणाल्या, "तो यंदाही येणार नाही."

"नाही सांगितलं. पण कळलं."

मग त्यांनी पुन्हा चहा टाकला. पाऊस थांबला की निघू, असं छपरवालीने ठरवलं होतं. तो थांबला, तेव्हा ती दुसरा कप चहा पीत होती आणि अप्पांच्या गुडघ्यांविषयी सांगत होती, आणि काकू विचारत होत्या, रात्री त्यांना झोप लागते का नीट, आणि तुला?