तांदळातली लेन्स

काळावर मात करणारा माणूस जगात एकच, तो म्हणजे फोटोग्राफर. पालमच्या सिद्धोधनने तीस वर्षं ही मात केली. मुख्यतः पासपोर्ट साइजमध्ये, एका वेळी आठ प्रती.

त्याच्याकडे एक जुनी जपानी लेन्स होती. मोबाइल आल्यापासून तिचं काम संपलं होतं, मान संपला नव्हता. दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून पावसाळा लागला की तो तिला फडक्यात गुंडाळून घरच्या तांदळाच्या डब्यात पुरायचा. तांदूळ ओल ओढतो. यंदा दिवाळी झाली तरी ती डब्यातच होती.

सोमवारी ती काढून दुकानात आणली, कारण परभणीचा महारुद्र बघायला येणार होता. त्याला जुने कॅमेरे जमवायचा नाद. त्याने लेन्स उजेडाकडे धरली आणि एकदम खूश झाला.

"काका, काच कशी पिवळी पडली बघा. थोरियमची हाय ही. किरणोत्सर्गी!"

"म्हंजे?"

"म्हंजे अणुबॉम्बच्या भावकीतली. लय मागणी हाय हिला. ठेवता कुठं?"

"तांदळात."

"आन् तो तांदूळ खाता का काय मग?" महारुद्र हसत हसत निघून गेला.

सिद्धोधनही हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. घरात लेक संघप्रिया होती. पहिलटकरीण, पाचव्यातच माहेरी आलेली, आता आठवा. दवाखान्याचं सगळं मायलेकी बघायच्या, सिद्धोधन बाहेर रिक्षात बसून राहायचा. जेवायलाही त्या त्याच्या मागून बसायच्या. त्याने घरी जाऊन डबा उघडला. तळाला चार मुठी तांदूळ उरला होता, बाकीचा खाऊन झाला होता.

त्याने कोणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बायकोने, म्हणजे धम्मशीलाने, आधी लेन्स उकिरड्यावर टाकली असती आणि मग त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तो एवढंच म्हणाला, "आज भात टाकू नको. किडे झालेत."

"कालच निवडलेत म्या तांदूळ."

"आज झालेत."

लेन्स पत्र्याच्या डबीत आणि मूठभर तांदूळ रुमालाच्या गाठीत घेऊन तो परभणीच्या एसटीत चढला. डबी शेवटच्या सीटखाली सरकवली आणि स्वतः पार पुढे, ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसला. पुढच्या थांब्यावर एक बाई तान्हं लेकरू घेऊन चढली आणि नेमकी शेवटच्या सीटवर बसली. सिद्धोधन उठला, धक्के खात मागे गेला, डबी काढली आणि परभणीपर्यंत मांडीवर धरून बसला. आपलं आता काय व्हायचं राहिलं, असा त्याचा हिशोब. डोळ्यांसमोर मात नातवाचे हात-पाय येत होते. दर वेळी तो ते मोजायचा, आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा.

त्याचा जुना मित्र बन्सीधर तिथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. जयभीम झाला. बन्सीधरने कपाटातून किरणं मोजायचं यंत्र काढलं आणि लेन्सजवळ नेलं. तव्यावर लाह्या फुटाव्यात तसं ते तडतडायला लागलं.

"हाय खरी थोरियमची," बन्सीधर शांतपणे म्हणाला.

"आता हे बघ." सिद्धोधनने रुमाल सोडला. गाठ लवकर सुटेना.

यंत्र तांदळावर गेलं. काहीच नाही. मग एकदा टिक्क.

"झाली! ऐकली का?"

"ती हवेतली हाय. हितं कायबी न ठेवता पण होते."

"पण लेन्स पाच महिने त्याच तांदळात होती."

"आसू दे की. उजेड पडला म्हणून भिंत दिवा होते का? किरणं लागली तरी तांदूळ तांदूळच राहतो. हां, लेन्स उशाला घेऊन झोपू नको."

"पोटुशी बाईनं खाल्ला तर?"

"खाऊ दे."

"रोज?"

"सिद्धोधन, तू चहा घे आधी."

चहा पिऊन सिद्धोधनने यंत्र पुन्हा एकदा तांदळावर धरायला लावलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मायलेकी जेवत होत्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने उभ्या उभ्याच लेन्स, थोरियम, यंत्र सगळं सांगून टाकलं, आणि शेवटी म्हणाला, "बाई, आता बिनघोर भात खा."

संघप्रियाने आईकडे बघितलं.

"पप्पा, मी कुठं भात खाते? आले त्याच आठवड्यात साखर निघाली. डॉक्टरनं तवाच बंद केला."

"आन् तू?" त्याने धम्मशीलाला विचारलं.

"मला एकटीला कशाला टाकू? मी तिच्याबरोबर भाकरच खाते."

तीन महिने त्या घरात भात एकट्या सिद्धोधनसाठी शिजत होता.