नवरीच्या गाडीचे टायर

आदिलाबादच्या टॅक्सी अड्ड्यावर अमृतरावाचं एक भाषण सगळ्या ड्रायव्हरांना तोंडपाठ होतं. "गाडी जुनी चालते बाप्पा, टायर जुना नाई चालत. गाडी अन् रस्त्याच्या मंधात तळहाताएवढं रबर असते, त्याच्यावर पाच जीव बसून राह्यतात. तिथं कंजुषी कराची नाई." कोणी घासल्या टायरावर नवं रबर चढवून आणलं, की हा त्याला दिवसभर सोलायचा. "स्वस्त पडलं म्हन्तं? घाटात इचार त्याले."

स्वतः तो टायर घ्यायचा महिपतच्या दुकानातून, आणि चार पैसे जास्त मोजून. महिपत त्याचा लहानपणचा दोस्त. तामसीच्या शाळेत दोघं एकाच पाटीवर थुंकून पुसत मोठे झाले. अमृतराव गाडीचा नट न् नट हातानं चाचपणारा माणूस, पण महिपतनं बसवलेल्या टायराकडे त्यानं कधी वाकून पाहिलं नाही. दोस्ताचं काम काय तपासायचं?

एक्क्याण्णवच्या पौषात महिपतनं त्याच्या अँबॅसिडरला चार कोरे टायर बसवले. वसंतपंचमीला अमृतराव बायकोला, तुळजाबाईला, आणि पाच वर्षांच्या नातीला घेऊन बासरला निघाला. सरस्वतीपुढे नातीचा हात धरून पहिलं अक्षर गिरवायचं होतं. महिपत मुद्दाम निरोप द्यायला आला, खिडकीतून नारळ देत म्हणाला, "माह्याही नावानं फोड." निर्मलच्या घाटातून पोर गाणी म्हणत गेली आणि आली.

वैशाखात महिपतच्या दमयंतीचं लग्न निघालं. पोर वांकिडीला दिलेली. सासरी पोचवायला गाडी कोणाची? अमृतरावाची, अर्थातच! आदल्या संध्याकाळी त्यानं ती सजवायला महिपतच्या अंगणात लावून दिली.

सकाळी फेटा बांधून येतो तर काय, नवरीचा बाप नव्या धोतरात गाडीपाशी उकिडवा बसून शेवटचा नट आवळतोय. चारी चाकांना नवे टायर, अंगावरची रबराची लव अजून तशीच.

"अबे, आज तरी पाना सोड! काऊन बदलले? पौषात तर बसवले तुनं."

"राहू दे रे," महिपत मान वर न करता म्हणाला. "दमयंती बसणार हाये. रस्ता वळणाचा."

अमृतरावाला भरून आलं. बापाचं काळीज, दुसरं काय! जुने टायर डिकीत टाकावे म्हणून त्यानं एक उभा केला. कडेवरून अंगठा फिरला आणि थांबला. तिथं वरचं रबर पापुद्र्यासारखं सुटलं होतं, आणि आत दुसऱ्याच कुठल्या म्हाताऱ्या टायराचे दोरे बाहेर आले होते. त्यानं दुसरा पाहिला. तिसरा पाहिला. चौथा पाहायची गरज उरली नाही.

परक्यानं फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झाला असता. इथं त्यानं चारी टायर उचलून डिकीत कोंबले. लग्न लागलं, मांडवात सनई वाजत होती, आणि "काका, हळू चालवा हं" म्हणत दमयंती मागच्या सीटवर येऊन बसली. पोरीचा काय दोष? त्यानं तिला फुलासारखं वांकिडीला पोचवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवे टायर काढून डिकीत भरले, जुने पुन्हा चढवले, आणि गाडी हळूहळू महिपतच्या दुकानापुढे नेऊन उभी केली.

महिपतनं चाकांकडे पाहिलं आणि सगळं समजला. "लग्न अंगावर आलं होतं रे," तो पुटपुटला.

"मंग मलेच काऊन? गावात गिऱ्हाईक कमी होते?"

"दुसऱ्यानं पाह्यलं असतं." महिपत हात पुसत राहिला. "तू पाहत नाई."

 घाटात टायर फुटला असता तरी अमृतरावाला एवढं लागलं नसतं. त्यानं पुढचं दार उघडलं.

"बैस."

"कुठं?"

"बासरले. तुह्या नावाचा नारळ मी फोडला होता. आता माह्या नावाचा तू फोड. घाटातूनच जाऊ."

 महिपतनं रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग पुढच्या चाकाकडे, आणि एक पाऊल मागे सरला.

"बैस ना," अमृतराव म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "माही नात बसली होती."